वर्त्मगत रोग

आयुर्वेदात पापणीच्या विकारांना वर्त्मगत रोग म्हणतात. वर्त्म म्हणजे पापणी आणि पक्ष्म म्हणजे पापणीचे केस. आयुर्वेदाच्या शालाक्यतंत्र (मानेवरच्या अवयवांच्या रोगांची शाखा) या अंगात त्यांचा विचार होतो. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग सांगितले आहेत. त्यांपैकी २१ पापणीचे आहेत. नंतरचा आयुर्वेदाचार्य वाग्भट याने नेत्ररोग ९४ मानले असून त्यांत पापणीचे २४ आहेत. बिघडलेले दोष (वात, पित्त, कफ) शिरांवाटे पापणीत जाऊन तेथील मांस व रक्त वाढवतात आणि त्यातून पुटकुळ्या, गाठी, सूज होते, अशी यामागची उपपत्ती आहे.

उपचारासाठी या रोगांची विभागणी दोषांपेक्षाही वैद्याने हाताने काय करायचे यावरून केली आहे, आणि तीच या विषयाची किल्ली आहे. खरवडण्याजोगे ते लेख्य. हे नऊ रोग सगळेच्या सगळे पापणीचे आहेत. फोडण्याजोग्या पाच भेद्य रोगांत पापणीचे तीन येतात : अंजननामिका, लगण आणि बिसवर्त्म (अनेक छिद्रांची सुजलेली पापणी). अर्श व शुष्कार्श (मांसाचे कोंब) आणि अर्बुद (गाठ) कापून काढायचे, म्हणजे छेद्य. प्रक्लिन्न (आतून ओल्या, स्रवणाऱ्या) व अक्लिन्न (पुन्हापुन्हा चिकटणाऱ्या) वर्त्मात शस्त्र लावत नाहीत. वातहतवर्त्म (न मिटणारी पापणी), निमेष (पापणीची अति उघडझाप) आणि शोणितार्श (रक्तामुळे होणारे, कापले तरी पुन्हा वाढणारे कोंब) असाध्य मानले आहेत.

अंजननामिका म्हणजे आपली रांजणवाडी : तांबूस, मऊ, लहान पुटकुळी, तिच्यात आग होते व टोचते. ती शेकून, आपोआप फुटली की पू दाबून काढतात आणि मनःशिळा, वेलदोडा, तगर व सैंधव मधात कालवून त्यावर चोळतात. फुटली नाही तर शस्त्राने भेदतात. लगण ही बोराएवढी, कठीण, न पिकणारी आणि न दुखणारी गाठ. आजच्या नेत्रवैद्यकातील कॅलॅझियनशी (पापणीतील तैलग्रंथी तुंबून होणारी गाठ) ती जुळते. भेदल्यावर तेथे गोरोचन, क्षार, मोरचूद, पिंपळी व मध लावतात. गाठ मोठी असेल तर क्षारकर्म (क्षाराने जाळणे) किंवा अग्निकर्म (डाग देणे) करतात. या दोन गाठींत गफलत झाली की उपचार चुकतो, कारण रांजणवाडी पिकते, लगण पिकत नाही; तिला नुसते शेकत पिकण्याची वाट पाहणे व्यर्थ.

लेख्य रोगांत पोथकी सर्वांत महत्त्वाची. पापणीच्या आतल्या बाजूस तांबड्या मोहरीएवढ्या, खाजऱ्या, स्रवणाऱ्या, दुखणाऱ्या पुटकुळ्या येतात. मराठीत याला खुपऱ्या म्हणतात. हे वर्णन ट्रॅकोमा या संसर्गजन्य नेत्ररोगाशी मिळते. लेखनापूर्वी, म्हणजे खरवडण्यापूर्वी, रुग्णाला स्नेहन (तूप-तेल), वमन (उलटी) व विरेचन (जुलाब) देतात. वारा व ऊन नसलेल्या खोलीत निजवून गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने पापणी शेकतात. मग डाव्या हाताचा अंगठा व तर्जनी यांनी, पापणी निसटू नये म्हणून मध्ये कापड धरून, ती उलटवतात, पुसतात आणि शस्त्राने किंवा खरखरीत पानाने खरवडतात. पारिजातकाचे पान किंवा सागाचे पान यासाठी सांगितले आहे. पारिजातकाच्या पानावरून बोट फिरवले की निवड का झाली ते लगेच कळते. रक्त थांबल्यावर शेकून मनःशिळा, हिराकस, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी), अंजन, सैंधव व मध यांचे प्रतिसारण करतात, म्हणजे ते चोळतात, कोमट पाण्याने धुतात, तूप लावतात आणि पुढे व्रणासारखी काळजी घेतात. कुंभीका, शर्करा व उत्संगिनी या इतर पुटकुळ्यांच्या लेख्य रोगांत आधी शस्त्राने छेद घेऊन मगच खरवडतात.

लेखन किती करायचे यावर सगळे अवलंबून असते. नीट झालेल्या लेखनात रक्त वाहत नाही, खाज व सूज राहत नाही आणि पापणी नखासारखी सपाट होते. कमी झाले तर लाली, सूज, स्राव व जडपणा राहतो. मग स्नेहन करून पुन्हा खरवडावे लागते. अति झाले तर पापणी बाहेर वळते, केस बिघडतात, वेदना व स्राव वाढतो. त्यावर स्नेहन, स्वेदन (शेक) व वात शमवणारे उपचार.

पक्ष्मकोपात केस आत वळून डोळ्याला घासतात. हा याप्य, म्हणजे ताब्यात ठेवण्याजोगा रोग. शस्त्रकर्मात भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून, डोळ्याच्या दोन्ही कोपऱ्यांशी समांतर, जवाच्या आकाराचा त्वचेचा तुकडा काढतात. जखम केसाने शिवून मध-तूप लावतात, कपाळावर पट्टा बांधून टाक्यांची टोके त्याला अडकवतात आणि जखम घट्ट झाल्यावर टाके काढतात. त्वचा आखडली की पापणीची कड बाहेर ओढली जाते. आत वळलेल्या पापणीच्या आजच्या काही शस्त्रक्रियाही याच तत्त्वावर चालतात.

शस्त्राशिवायच्या उपायांत पापणीचे केस सोडून बाहेरून लावायचा बिडालक लेप येतो. आश्च्योतनात, म्हणजे डोळ्यात औषध घालताना, दोन अंगुळे उंचीवरून थेंब सोडतात : लेखनासाठी ८, स्नेहनासाठी १०, रोपणासाठी (जखम भरण्यासाठी) १२. तर्पणात डोळ्याभोवती उडदाच्या पिठाचे दोन अंगुळे उंच आळे करून केसांची टोके बुडेपर्यंत तूप भरतात. पापणीच्या रोगात ते १०० मात्रा (एक मात्रा म्हणजे डोळ्याच्या एका उघडझापेइतका वेळ) धरतात, दृष्टीच्या रोगात ८००.

यातली द्रव्ये घरी वापरू नयेत. मनःशिळा आर्सेनिकचे संयुग आहे, मोरचूद तांब्याचे. दोन्ही बुबुळाला इजा करतात. रांजणवाडी घरी दाबून फोडल्यास संसर्ग डोळ्याच्या खोबणीत पसरू शकतो. कोमट शेक मात्र निर्धोक आहे. ट्रॅकोमा क्लॅमिडिया जिवाणूमुळे होतो आणि ॲझिथ्रोमायसिनने बरा होतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून त्याचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले. उतारवयात एकाच जागी पुन्हापुन्हा येणारी गाठ लगण समजून भेदत राहू नये. ती तैलग्रंथीचा कर्करोग असू शकते, म्हणून काढलेला तुकडा तपासणीला पाठवावा.