रिटर्न पंप आणि वेव्हमेकर : एक पाणी चढवतो, दुसरा पाणी फिरवतो

नागपुरात कूलर काय असतो हे कुणाला सांगावं लागत नाही. मार्च संपत आला की माळ्यावरचा कूलर खाली येतो, ताट्या बदलतात, मोटर तपासली जाते. त्या एका खोक्यात दोन वेगळी यंत्रं असतात. तळाशी पाण्यात बुडालेली मोटर टाकीतलं पाणी वर चढवून ताट्यांवर सोडते आणि मधला पंखा हवा फेकतो. वारा कमी पडतो म्हणून आपल्याकडे कुणी मोटर मोठी करत नाही. केली तर पाणी उडेल, खोलीत ओल येईल, वारा मात्र होता तेवढाच राहील.

खाऱ्या पाण्याच्या कोरल टँकमध्ये, म्हणजे घरी प्रवाळ पाळायच्या काचेच्या टँकमध्ये, नेमकी हीच गल्लत होते, आणि फार वेळा होते. तिथे रिटर्न पंप म्हणजे कूलरची मोटर आणि वेव्हमेकर म्हणजे कूलरचा पंखा. पण दोन्ही पाण्यातच बुडतात, दोन्ही काळ्या प्लास्टिकचे, आणि दोन्हींच्या खोक्यावर 'लिटर प्रति तास' असाच आकडा छापलेला असतो. एकच मोठा घेतला तर दुसऱ्याचा खर्च वाचेल, असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

मागच्या मे महिन्यात मानेवाड्याच्या एका मुलाचा फोन आला. "दादा, कोरल उघडतच नाहीयेत. पंप अजून मोठा घेऊ का?" टँक चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे साधारण २५५ लिटरचा. खालच्या कपाटात सम्प, म्हणजे दुसरी टाकी: वरच्या टँकचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपाने तिच्यात उतरतं आणि रिटर्न पंप ते परत वर पाठवतो. रिटर्न पंप तासाला ६,००० लिटरचा आणि वेव्हमेकर एकही नाही. एकाच मोठ्या पंपात दोन्ही कामं होतील, असं त्याला दुकानात सांगितलं होतं. संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो तर जिन्यातूनच ओव्हरफ्लोची गुरगुर ऐकू येत होती. त्याची आई म्हणाली, "भाऊ, रात्रभर कोणी गुळण्या करतंय असा आवाज येतो." टँकमध्ये बारीक बुडबुड्यांचं धुकं होतं. पंपाचं पाणी सुटतं त्या नोझलसमोरची वाळू उडून खालची काच उघडी पडली होती. आणि दुसऱ्या टोकाला पाणी इतकं निवांत, की टाकलेलं खाद्य सरळ खाली जाऊन दगडाच्या फटीत बसत होतं. थर्मामीटर ३०.५ अंश दाखवत होता.

आता ही दोन यंत्रं आतून बघा. रिटर्न पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक, लहान, बंद खोलीत फिरणारा. पाणी अरुंद तोंडातून बाहेर पडतं, म्हणून त्याला दाब मिळतो आणि ते पाइपातून चार फूट वर चढू शकतं. वेव्हमेकरमध्ये प्रोपेलर असतो, जाळीच्या पिंजऱ्यात, तोंड रुंद. तो भरपूर पाणी ढकलतो, पण दाब जवळजवळ नसतोच. त्याला पाइप जोडून पाणी चढवायला गेलात तर फूटभरसुद्धा धड चढणार नाही. उलट रिटर्न पंपाच्या धारेला वेव्हमेकरचं काम दिलं तर ती टँकमध्ये एका रेषेत सुरीसारखी जाते. समोर आलेल्या कोरलचं मांस सोलून निघतं आणि बाजूचं पाणी जागचं हलत नाही.

म्हणून खोक्यावरचे ते दोन आकडे एका तागडीत टाकू नका. वेव्हमेकरचा आकडा मोकळ्या पाण्यातला आहे आणि तो तुमच्याकडेही मोकळ्या पाण्यातच चालणार आहे, त्यामुळे छापलेलं आणि मिळणारं यात फार अंतर नसतं. रिटर्न पंपाचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. शेजारी मीटरमध्ये जी कमाल उंची दिलेली असते, तिथे प्रवाह शून्य होतो. दोन्ही आकडे खरे, पण एकाच वेळी कधीच नाही. तुमचं घर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं आणि ते कुठे आहे ते खोक्यावरच्या किंवा माहितीपत्रकातल्या आलेखावर शोधावं लागतं. ज्या पंपाला आलेखच नाही, तो मी घेत नाही.

उंची मोजताना एक चूक सगळेच करतात. टेप सम्पच्या तळापासून लावतात. ती लावायची सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून, वर पाणी जिथे सुटतं तिथपर्यंत. पंप सहा इंच खोल बसला की सोळा, त्याने फरक पडत नाही, कारण पाण्यातल्या पाण्यात पाणी उचलायला ताकद लागत नाही. मानेवाड्याच्या टँकला ही उंची भरली १.१ मीटर. त्यावर पाइपाचं घर्षण. प्रत्येक काटकोनी एल्बो, प्रत्येक व्हॉल्व्ह थोडं थोडं खातो आणि अर्ध्या इंचाचा पाइप सगळ्यात जास्त खातो. पंपाच्या तोंडापेक्षा एक माप मोठा पाइप लावावा, एल्बोऐवजी जमेल तिथे लवचीक नळीचं सैल वळण द्यावं. हे सगळं धरून आम्ही १.५ मीटर हिशेबात घेतले.

आणि प्रवाह किती हवा? इथेच कूलरची गोष्ट पुन्हा आठवा. रिटर्न पंपाचं काम डिस्प्ले टँकमधलं (वरच्या, दिसणाऱ्या टँकमधलं) पाणी सम्पमधल्या स्किमरकडे (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राकडे), हीटरकडे नेत राहणं, बस. त्याला तासाला टँकच्या चार-पाच पट पुरतं. स्किमरचा स्वतःचा पंप असतो आणि तो आपल्या गतीनेच पाणी घेतो. शेजारून तिप्पट वेगाने पाणी पळवलं म्हणून ते तिप्पट स्वच्छ होत नाही. २५५ लिटरच्या टँकला प्रत्यक्ष मिळणारे १,००० ते १,२५० लिटर, तेही १.५ मीटरवर, एवढंच शोधायचं होतं. २,५०० लिटर आणि ३ मीटर छापलेला पंप अशा जागी बहुतेक वेळा बसतो. पाणी वर जितकं जातं तितकंच ओव्हरफ्लोने खाली यावं लागतं, हेही लक्षात ठेवा. खाली येण्याचा वेग पाइपाच्या जाडीवर ठरतो, पंपावर नाही. पंप त्याहून जड झाला की आधी गुरगुर होते, मग बुडबुडे येतात आणि शेवटी खारं पाणी दिवाणखान्यात.

कोरलला हवा असलेला प्रवाह मात्र या हिशेबात बसतच नाही. मऊ कोरल आणि मोठ्या पॉलिपचे (पॉलिप म्हणजे कोरलमधला एकेक तोंडाचा जीव) कोरल असलेल्या टँकला तासाला २० ते ३० पट, लहान पॉलिपच्या दगडी कोरलना ४० पट आणि त्याहूनही जास्त. म्हणजे या टँकला निदान ५,००० ते ७,५०० लिटर. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग केलं असेल तर पाण्याखाली शरीर कसं हलतं ते आठवून बघा. आपण पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे. कोरल जागचा हलू शकत नाही. त्याचं अन्न आणि प्राणवायू पाण्यानेच आणून द्यायचा, त्याचा कचरा पाण्यानेच न्यायचा. पाणी थांबलं की अंगाभोवती शिळ्या पाण्याचा एक पातळ थर चिकटून राहतो आणि कोरल त्या थरात गुदमरतो. तो थर मोडायला येणारं-जाणारं, दिशा बदलणारं रुंद पाणी लागतं. ते वेव्हमेकरच देतो, तोही एकापेक्षा दोन बरे, समोरासमोरच्या काचांवर, आलटून-पालटून चालणारे. (आणि मालवणचे कोरल बघायचे, आणायचे नाहीत. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.)

नागपूरकरांसाठी यात आणखी एक हिशेब आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: उष्णता. पाण्यात बुडालेला पंप जेवढे वॉट ओढतो, ते जवळजवळ सगळे शेवटी पाण्यातच उष्णता म्हणून उतरतात. त्या मुलाचा मोठा पंप ८५ वॉटचा होता. टँक आणि सम्प मिळून ३०० लिटर पाणी धरा. ही उष्णता बाहेर गेलीच नाही, तर ८५ वॉट चोवीस तासांत पाणी सुमारे ६ अंशांनी तापवतात. ३० वॉटचा पंप सुमारे २ अंशांनी. त्यात ८-८ वॉटचे दोन वेव्हमेकर मिळवले तरी एकूण ४६ वॉट होतात, आणि टँकमधला प्रवाह आधीपेक्षा बराच जास्त. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बंद खोलीही तापते, तेव्हा या प्रत्येक वॉटचा हिशेब लागतो.

आपल्या बाजूने एकच गोष्ट आहे. आपला उन्हाळा कोरडा असतो. सम्पवर छोटा पंखा लावला की तोच कूलरचा गुण कामाला येतो. एक लिटर पाणी उडून जाताना जेवढी उष्णता नेतं, ती दिवसभर चालणाऱ्या २८ वॉटच्या पंपाएवढी असते. माझ्याकडे मे महिन्यात दिवसाला सहा लिटर पाणी उडतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही. तेव्हा बाहेरही तितकं तापत नाही हे बरं, नाहीतर चिलर किंवा एसी.

पण या उडणाऱ्या पाण्याचा फटका फक्त रिटर्न पंपाला बसतो. डिस्प्ले टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या काठाने बांधलेली असते, ती उतरत नाही. वेव्हमेकरला काही कळतच नाही. उतरते ती सम्पच्या शेवटच्या कप्प्याची पातळी, जिथे रिटर्न पंप बसलेला असतो. फूट बाय फुटाच्या कप्प्यात सहा लिटर म्हणजे अडीच इंच, एका दिवसात. आदल्या दिवशी पाणी घालायचं राहिलं की पंप हवा ओढतो, टँकमध्ये बुडबुडे सुटतात आणि कोरडा चालून पंप जळतो. म्हणून हा कप्पा मोठा ठेवा किंवा आपोआप पाणी भरणारा ऑटो टॉप ऑफ लावा. भरायचं ते आरओचं गोडं पाणी. उडून जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं.

लाईन गेली की या दोघांचं महत्त्व उलटं होतं. रिटर्न पंप थांबला तर काही तास टँकला कळत नाही. फक्त नोझल पाण्याबाहेर येईपर्यंत वरचं पाणी उलटं सम्पमध्ये उतरतं, तेवढी रिकामी जागा सम्पमध्ये हवी. एकदा स्वतः स्विच बंद करून, सम्पसमोर बसून बघाच. चेक व्हॉल्व्हवर (पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या झडपेवर) विसंबू नका, त्यात चुन्याचा थर आणि गोगलगायी अडकतात. वेव्हमेकर थांबणं मात्र गंभीर आहे. पृष्ठभाग हलला नाही तर प्राणवायू आत येत नाही, आणि गरम पाण्यात तो आधीच कमी मावतो. खाऱ्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, ३० अंशाला सुमारे ६.२. रात्री मासे, कोरल, दगडातले जिवाणू सगळे मिळून तो वापरत असतात. घरच्या इन्व्हर्टरवर एकच प्लग मोकळा असेल तर तो वेव्हमेकरला द्या. आठ वॉटचा तो जीव रात्रभर चालतो.

पंप एसी विजेचा की डीसी विजेचा, यावर लोक तासन्तास बोलतात. मला तो दुय्यम प्रश्न वाटतो. एसी पंप ५० हर्ट्झला बांधलेला, एकाच गतीचा, साधा, वर्षानुवर्षं चालणारा. स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरीवर तो गुणगुणतो आणि तापतो. परदेशी माहितीपत्रकातले ६० हर्ट्झचे आकडे बघून घेतलात तर इथे प्रवाह कमी मिळेल. डीसी पंपाची गती कमी-जास्त करता येते, तो ७० टक्क्यांवर चालवून वरचं राखीव ठेवता येतं, पण त्याचा कंट्रोलर मिठाच्या तुषारांपासून दूर, वर टांगावा लागतो. माझ्याकडे डीसी आहे आणि कपाटात जुना एसी सुटा ठेवलेला आहे.

आणखी एक, कारण हे मी दोनदा पाहिलं आहे. कूलरचीच मोटर रिटर्न पंप म्हणून लावू नका. दिसायला तशीच असते, स्वस्त असते, सीताबर्डीला हाकेच्या अंतरावर मिळते. पण ती गोड्या पाण्यासाठी असते. तिचा लोखंडी दांडा आणि स्क्रू खाऱ्या पाण्यात गंजतात, आणि आतलं तांबं पाण्यात उतरलं तर कोळंबी आणि कोरल दोन्ही मरतात. शिवाय खारं पाणी वीज फार चांगली वाहतं. सिरॅमिक दांड्याचा, पूर्ण सीलबंद, खाऱ्या पाण्यासाठी बनवलेला पंपच घ्या आणि वायरला खाली झोल देऊन मग प्लगकडे न्या, म्हणजे थेंब बोर्डात जाणार नाही.

मानेवाड्याला आम्ही रविवारी सगळं बदललं. मोठा पंप काढला, लहान बसवला, डाव्या-उजव्या काचेवर पृष्ठभागाच्या जरा खाली एकेक वेव्हमेकर लावला. गुरगुर लगेच थांबली. मग खरा प्रवाह मोजला. रिटर्नच्या तोंडाखाली पाच लिटरचा जग धरायचा आणि मोबाईलवर वेळ लावायची. १८ सेकंदांत जग भरला तर तासाला बरोबर १,००० लिटर. जगाऐवजी बादली घेऊ नका, तेवढं पाणी काढलं तर पंपाचा कप्पा कोरडा पडतो. आमचा जग १७ सेकंदांत भरला. मुलाने तो आकडा तारखेसकट सम्पच्या काचेवर मार्करने लिहून ठेवला. दर तीन महिन्यांनी तो मोजतो. तो २५ सेकंदांवर गेला की इम्पेलरवर चुना बसलेला असतो. तेव्हा पंप सोडवून, पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवून, जुन्या टूथब्रशने घासून, गोड्या पाण्यात धुऊन पुन्हा लावायचा.