ग्रामसभा (महाराष्ट्र)

ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीत ज्यांची ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची सभा. सरपंच आणि सदस्य मिळून होते ती ग्रामपंचायत, ती निवडून येते आणि पाच वर्षांनी बदलते. ग्रामसभेला निवडणूक नाही, १८ वर्षं पूर्ण होऊन यादीत नाव लागलं की तुम्ही तिचे सभासद झालात. हा फरक साधा वाटतो पण तो माहीत नसल्यामुळेच कितीतरी लोक "पंचायतीची मीटिंग आहे, आपलं काय काम" असं म्हणून घरी बसतात, मीटिंग सदस्यांची असते हो, सभा आपली असते.

राज्यात ही सभा १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार चालते, आणि ७३ व्या घटनादुरुस्तीमुळे २४ एप्रिल १९९३ पासून तिला थेट राज्यघटनेचा आधार मिळाला. वर्षात किमान चार सभा घ्याव्या लागतात, रूढ तारखा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. त्याआधी महिलासभा घ्यायची असते. गणपूर्ती, म्हणजे बोलीभाषेत कोरम, १०० मतदार किंवा एकूण मतदारांच्या १५ टक्के, यातलं जे कमी असेल ते. कोरम भरला नाही तर सभा तहकूब, आणि खरी मेख इथेच आहे, कारण तहकूब झालेली सभा परत बोलावली की तिला कोरमची अट राहत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी गाव आलं नाही तर पुढच्या वेळी वीस-पंचवीस जण बसून अख्ख्या गावाचा निर्णय घेऊ शकतात आणि तो कायदेशीरच असतो.

म्हणून सभेपेक्षाही आधी बघायची गोष्ट म्हणजे सभेची बातमी. नोटीस सात दिवस आधी काढायची असते, ती पंचायतीच्या फळ्यावर लागते आणि गावात दवंडी द्यायची असते. दवंडी म्हणजे पूर्वी शिपाई हलगी वाजवत चौकाचौकात थांबून ओरडायचा, आता बऱ्याच ठिकाणी देवळावरचा भोंगा किंवा गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हेच काम करतो. ग्रुप चांगलाच आहे, कामाला पुण्या-मुंबईला गेलेल्या पोरांनाही कळतं, पण ज्या म्हातारीकडे साधा फोन आहे आणि जी वस्ती गावठाणापासून दोन किलोमीटर लांब आहे तिथे बातमी पोचतच नाही, आणि नेमकं तिचंच घरकुल यादीत आहे की नाही हे त्या सभेत ठरणार असतं. माझं मत स्पष्ट आहे, ग्रुप असला तरी दवंडी बंद करू नये.

विषयपत्रिका नीट वाचली तर सगळी सभा आधीच कळते. पहिला विषय ठरलेला, "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे". बहुतेक ठिकाणी हा अर्ध्या मिनिटात उरकतात, "वाचलंय सगळ्यांनी, मंजूर" म्हणत. पण ज्या सभेत ते खरोखर मोठ्याने वाचलं जातं तिथे बघा काय होतं. भाऊसाहेब (ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकाला, बऱ्याच गावांत असंच म्हणतात) वाचत असतात, दलित वस्तीतल्या पाइपलाइनचा ठराव मंजूर असं येतं, आणि भिंतीला टेकून बसलेली एखादी मावशी उठते आणि म्हणते, "मंजूर झालं ना, मग पाणी कुठंय?" पदर सावरत, माइक नाही, तरी सगळं शांत होतं. त्या एका प्रश्नाचं उत्तर लिहून घ्यायला लावलं की पुढच्या सभेत ते परत वाचावं लागतं. शेवटचा विषय असतो "आयत्या वेळी येणारे विषय", आणि लोक उठून चपला घालायला लागले की मोठमोठे ठराव इथून निघून जातात. शेवटपर्यंत बसा. आणि सह्यांचं रजिस्टर सभा झाल्यावर घरी आलं, "तेवढी सही करा" म्हणून, तर करू नका, मी हे होताना पाहिलंय आणि त्या सह्यांवर कोरम भरलेला दाखवला होता.

सभेचे अधिकार कमी नाहीत. गावाचा विकास आराखडा, घरकुलाचे लाभार्थी, रोजगार हमीच्या कामांचं सामाजिक अंकेक्षण (म्हणजे कामाची आणि खर्चाची लोकांसमोर तपासणी) हे सगळं तिच्यासमोर यावं लागतं. अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे सरकारने जाहीर केलेल्या आदिवासी भागात, तर तिथल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि राज्याचे २०१४ चे नियम यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा करता येते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा नुसती दिली नाही तर बहुमताऐवजी सर्वसहमतीने निर्णय घ्यायची पद्धत बसवली, अभ्यासगट चालवले, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे आपलं जंगल वापरायचा आणि सांभाळायचा गावाचा हक्क, मिळवला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हे आमच्या गावात होणार नाही म्हणून, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनीही हाच कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. बायकांनी एकजुटीने मागणी लावून गुप्त मतदानात आडवी बाटली (दुकान बंद करा, या बाजूचं चिन्ह) निवडून आणली आणि दारूचं दुकान बंद पाडलं, अशी गावंही राज्यात आहेत.

एक गोष्ट मात्र फार कमी लोकांना माहीत असते. गाव वाढलं, नगरपंचायत झाली, की ग्रामसभा संपते. घटनेने वॉर्ड समितीची सक्ती ३ लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांनाच केलीय, त्यामुळे वीस-तीस हजारांच्या तालुक्याच्या गावात माणसाला उभं राहून हिशेब विचारायची हक्काची जागाच राहत नाही. सर्वसाधारण सभेत नगरसेवक बोलतात, आपण निवेदन घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर थांबतो. अशा गावात मग स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर आणि ग्रुपवर टाकलेला तुंबलेल्या गटारीचा फोटो, एवढ्यावरच सगळं चालतं.