पीपीसाठी पोहे

इंदुरात सकाळी साडेसातला कुठल्याही पॅथॉलॉजी लॅबच्या बाहेर दहा मिनिटे उभे राहा. कोपराच्या खळगीत कापसाचा बोळा दाबून माणसे बाहेर येतात. आतल्या मुलीने बजावलेले असते, "आता खाऊन घ्या आणि बरोबर दोन तासांनी पीपी द्यायला या." पीपी म्हणजे खाल्ल्यानंतरची रक्तातली साखर. आणि रस्त्याच्या पलीकडे पोह्यांची गाडी असतेच. उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर परात, परातीत वाफेवर फुललेले पिवळे पोहे, बडीशेपेचा वास, वरून शेव, कांदा, जिरावन मसाला. शेजारच्या कढईत जिलबी.

मागच्या हिवाळ्यात मी मामाला घेऊन अशाच एका लॅबमध्ये गेलो होतो. मामा रामबागेत राहतो, बँकेतून निवृत्त झाला, आणि हिशेबाची सवय अजून सुटलेली नाही. त्याने एक प्लेट पोहे घेतले आणि वर दोन जिलब्या.

"मामा, पीपीला जिलबी?"

"अरे, दोन तासांनी तपासणार आहेत ना? मग तपासायला काहीतरी नको का!"

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर 112, एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज, 6.1. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात. मामाला ते पटेना. "मी काय जाडा आहे का?" हा त्याचा प्रश्न, आणि तो रास्तच होता. उंची पाच फूट सहा इंच, वजन 62 किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, काढला तर 22 येतो. आपल्याकडे 23 च्या पुढे वजन जास्त धरतात, म्हणजे कागदावर मामा अगदी पास.

या प्रश्नाचे सगळ्यात चांगले उत्तर एका छायाचित्रात आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा यूडकिन यांची 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, आणि ती चरबी बऱ्याचदा पोटात, यकृताच्या आसपास साठलेली असते. याज्ञिकांच्याच गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो. आपली बाळे सगळ्याच मापांत लहान होती, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे हे वळण पाळण्याच्याही आधीचे.

मामाची कंबर मी शिंप्याच्या टेपने बेंबीच्या पातळीवर मोजली. 96 सेंटीमीटर. भारतीय पुरुषासाठी सीमा 90 आहे, बाईसाठी 80. पँटचा नंबर सांगू नका, तो आपण सगळेच पोटाखाली बांधतो.

आता त्या पोह्यांकडे येऊ. एका साध्या गणिताने माझे स्वतःचे डोळे उघडले, म्हणून ते सांगतो. निरोगी माणसाच्या अंगात साधारण 5 लिटर रक्त असते, आणि दर 100 मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत-बाहेर साखर. गुणाकार करा. सगळ्या रक्तात मिळून 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. बस्स, तेवढीच. एका प्लेटीत 60 ग्रॅम कोरडे पोहे धरले तर त्यात 45 ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. आतड्यात त्याची साखरच होते. म्हणजे चमचाभर साखर असलेल्या रक्तात दीड-दोन तासांत नऊ चमचे ओतायचे आणि तरी पातळी फारशी हलू द्यायची नाही, हे काम शरीर रोज तीनदा करते. जिलबीचे अजून धरलेच नाही.

हे जमते कसे? साखर चढू लागली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते. इन्सुलिन आले की स्नायू आपली दारे उघडतात आणि साखरेचा मोठा वाटा आत ओढून घेतात. यकृतही थोडी साठवते आणि स्वतः साखर सोडणे थांबवते. म्हणून स्नायू हे आपले गोदाम. गोदाम लहान असेल आणि यकृतात, स्नायूंत चरबी शिरली असेल, तर इन्सुलिनने दार ठोठावले तरी आतून लवकर ओ येत नाही. मग स्वादुपिंड अजून जोरात ठोठावते. वर्षानुवर्षे. या काळात रिपोर्ट बरा येतो, माणूस खुशीत असतो, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमत जातात. एचबीए1सी ही तपासणी त्या काळाचा सुगावा देते. लाल पेशी साधारण 120 दिवस जगते, आणि तेवढ्या काळात रक्तात जितकी साखर फिरली त्या प्रमाणात ती तिच्या हिमोग्लोबिनला चिकटून बसते. आदल्या दिवशी उपास करून तिला फसवता येत नाही. 5.7 ते 6.4 हा उंबरठा, 6.5 पासून घरात पाऊल.

2023 साली आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीने अंदाज दिला, तो मधुमेही 10 कोटी 10 लाखांचा आणि उंबरठ्यावरच्या 13 कोटी 60 लाखांचा.

मामा यावर लगेच म्हणाला, "गव्हाने घात केला. आपल्या लहानपणी ज्वारी होती." माळव्यात हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येते आणि त्यात इतिहास म्हणून तथ्यही आहे. 'डग डग रोटी, पग पग नीर' अशी ख्याती असलेल्या या काळ्या मातीत खरिपाला ज्वारी असायची. 1970 नंतर तिची जागा सोयाबीनने घेतली, इतकी की 1987 साली सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इथे इंदुरातच निघाले. आणि इथेच मला गंमत वाटते, खरे तर खंत. सोयाबीनच्या दाण्यात 40 टक्के प्रथिने असतात, 20 टक्के तेल. आम्ही तेल काढून घेतो, त्यात कचोरी तळतो, आणि प्रथिनांची पेंड कोंबड्यांना किंवा परदेशी धाडतो. ताटात उरतो गहू आणि तांदूळ.

पण ज्वारीने सुटका होईल का? 2025 मध्ये त्याच आयसीएमआर पाहणीतल्या लोकांच्या आहाराचा अभ्यास आला. भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी 62 टक्के पिष्ट आणि साखरेतून येतात, प्रथिनांतून जेमतेम 12. पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरड धान्याचे पीठ धरून पाहिले, तर एकूण पिष्ट तेवढेच असताना मधुमेहाचा धोका कमी दिसला नाही. पिष्टातला थोडा वाटा काढून तिथे डाळी किंवा दूध-दह्याची प्रथिने धरली, तेव्हा दिसला. हा अभ्यास एका वेळी घेतलेल्या नोंदींचा आहे, त्याने कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरे. पण शरीराच्या यंत्रणेशी तो जुळतो. तीन चपात्यांच्या जागी तीन भाकरी घेतल्या, तर गोदामावरचा माल तेवढाच राहतो. प्रश्न धान्याच्या जातीपेक्षा ताटातल्या जागेचा आहे.

आणि या बाबतीत इंदूरने फार पूर्वी एक चांगली गोष्ट करून ठेवली आहे, जिच्याकडे कुणी शास्त्र म्हणून पाहत नाही: उसळ-पोहे. पोह्यांवर हरभऱ्याची तिखट उसळ. हरभऱ्याच्या दाण्यातले पिष्ट पेशींच्या चिवट भिंतींत कोंडलेले असते, शिजल्यावरही त्या भिंती बऱ्याचशा टिकतात, त्यामुळे पाचकरसाला आत शिरायला वेळ लागतो. प्रथिने आणि तंतू जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात. जे तंतू पचत नाहीत ते मोठ्या आतड्यात जातात, तिथले जंतू त्यांच्यावर जगतात आणि आतड्याच्या अस्तराला उपयोगी पडणारी आम्ले बनवतात. नऊ चमचे साखर एकदम ओतण्याऐवजी थेंबाथेंबाने सुटते.

खाण्याचा क्रमही मोजला गेला आहे. न्यूयॉर्कच्या एका प्रयोगात मधुमेह असलेल्या 11 जणांना तेच जेवण दोन वेगवेगळ्या दिवशी उलट-सुलट क्रमाने दिले. आधी भाज्या आणि कोंबडी, पंधरा मिनिटांनी पाव, असे खाल्ले तेव्हा तासाभरानंतरची साखर सुमारे 37 टक्के कमी होती. अकराच माणसे, म्हणून डंका पिटू नये. पण करून पाहायला खर्च शून्य.

डंका पिटण्याचा विषय निघालाच आहे तर, घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर आठवड्याला कारल्याचा रस, मेथीचे पाणी आणि 'मधुमेह मुळापासून' येतो. त्यापेक्षा चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या 2006 सालच्या प्रयोगाचे आकडे लोकांना पाठ असायला हवेत. मामासारखे उंबरठ्यावरचे 531 जण. ज्यांना काहीच विशेष सांगितले नाही त्यांच्यातले 55 टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. आहार आणि चालणे सांभाळणाऱ्यांत हे प्रमाण 39.3 टक्के. चांगली गोष्ट आहे, आणि पुरी नाहीही. शंभरातले पंधरा-सोळा जण वाचले, सांभाळूनही एकोणचाळीस गेले. जेवणाने नशीब पूर्ण बदलते असे जो सांगतो तो काहीतरी विकत असतो.

रक्तदाबाचे मात्र बरेच सरळ आहे, आणि तिथे आम्हा इंदुरी लोकांची अडचण शेव आहे. पोह्यावर शेव, वरणावर शेव, भाजी नसेल तर शेवेचीच भाजी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे सपाट चहाचा चमचा. शेवेच्या पाकिटावर मीठ लिहिलेले नसते, सोडियम असते. त्याला अडीचने गुणा. 100 ग्रॅममध्ये 800 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे 2 ग्रॅम मीठ. जिरावनमधले काळे मीठही मीठच. दुसरी बाजू अशी की 1997 साली अमेरिकेत 459 जणांवर झालेल्या 'डॅश' चाचणीत मीठ सगळ्यांना सारखेच ठेवले होते. फळे, भाज्या आणि कमी चरबीचे दूध-दही वाढवून इतर चरबी कमी केली, तर वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांचा वरचा आकडा आठ आठवड्यांत सरासरी 11 ने उतरला. पुष्कळदा एका गोळीने एवढेच होते.

सराफ्याबद्दल लिहिणार नव्हतो, पण इंदूरकर विचारतीलच. सराफांची दुकाने मिटल्यावर रात्री जो खाण्याचा बाजार भरतो त्याची अडचण फक्त तळणीची नाही, घड्याळाचीही आहे. तेच जेवण रात्री उशिरा घेतले तर साखर सकाळपेक्षा जास्त चढते, कारण झोपेची वेळ जवळ आली की इन्सुलिनला शरीराची साथ कमी पडते. पाहुणे आले की जा. दर शनिवारी पाहुणे आणू नका.

मामाने पोहे सोडलेले नाहीत. सोडले असते तर मामीला आधी ताप आला असता. त्याने फक्त प्लेट उलटी केली: वाटीभर उसळ, त्यावर दोन चमचे पोहे, शेव नाही, लिंबू दुप्पट. आधी उसळ खातो. मग चालत घरी, वीस मिनिटे. गाडीवाल्याला हे पचायला आठवडा गेला. "मामाजी, ये पोहा-उसल है के उसल-पोहा?" असे तो रोज विचारतो.

मामाची तक्रार वेगळीच आहे. पोहे कमी घेतले म्हणून गाडीवाला पैसे कमी करत नाही, उसळ जास्त घेतली म्हणून दहा रुपये जास्त मात्र लावतो. मी म्हटले, बाजाराचा नियमच आहे, पिष्ट स्वस्त आणि प्रथिने महाग, म्हणून तर घरोघरी डाळ पातळ आणि चपात्यांची चळत उंच. मामाने ऐकून घेतले आणि वही काढली. त्याच्या घरखर्चाच्या वहीत ते दहा रुपये आता 'औषधपाणी' या खात्यात पडतात. जिलबीचे अजून 'किरकोळ'मध्येच आहेत.