फोन वाजला नाही तरी येणारा थकवा

संक्रांतीच्या दिवसांत नागपुरात पतंगांइतकीच धावपळ पक्षी वाचवणाऱ्या पोरापोरींची असते. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी तो झाडांवर आणि तारांवर लोंबकळतोच. घारीच्या पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा ताणलेला पडदा असतो. त्यातली कंडरा (टेंडन) मांजाने तुटली, तर जखम भरली तरी पंख पुरता उघडेलच असं नाही. सेमिनरी हिल्सला वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, म्हणून पक्ष्यांची तरी सोय होते. कुत्र्यामांजरांची पिल्लं मात्र कुणाच्या तरी पार्किंगमध्ये नाहीतर गॅलरीत येऊन पडतात.

हे काम स्वखुशीचं, मग थकवा कसला, असं लोक सहज म्हणतात. गंमत म्हणजे 'बर्नआउट'चं, म्हणजे कामाने आतून रितं होत जाण्याचं, पहिलं गाजलेलं वर्णन स्वयंसेवकांमध्ये राहूनच झालं. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर हे मानसतज्ज्ञ न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचे. सगळ्यात झोकून देणारेच आधी चिडचिडे, कोरडे होत जातात, हे त्यांनी १९७४ मध्ये लिहिलं.

झोकून देण्यात नेमकं काय खर्ची पडतं? दुसऱ्याची वेदना पाहताना आपल्या मेंदूत इन्सुला आणि सिंग्युलेट कॉर्टेक्सचे काही भाग सक्रिय होतात. स्वतःला दुखतं तेव्हाही यातलेच बरेच भाग कामाला लागतात. ओल्गा क्लिमेकी आणि तानिया सिंगर या संशोधकांनी काही जणांना आधी समोरच्याचं दुःख स्वतःत अनुभवायला शिकवलं. त्रासदायक व्हिडिओ पाहताना त्यांची घालमेल वाढली. मग त्याच लोकांना समोरच्याचं भलं व्हावं अशी माया मनात धरायला शिकवलं, तर मन सावरलं आणि मेंदूतलं वेगळंच जाळं, समाधानाशी निगडित असलेलं, सक्रिय झालं. प्रयोग छोटा होता, पण रेस्क्यूवाल्यांचा अनुभव त्याच्याशी जुळतो असं मला वाटतं. पावसाळ्यात अळ्या पडलेली जखम पाहून नवखा माणूस तोंड फिरवेल. पण चिमट्याने एकेक अळी काढणं, जखम धुणं, ड्रेसिंग करणं यात हाताला काम असतं आणि फरक डोळ्यांना दिसतो. पार्व्हो हा विषाणूचा आजार झालेल्या पिल्लाचं तसं नाही. विषाणूवर थेट मारा करणारं औषध हाताशी नसतं. सलाइन लावायचं, उलट्या थांबवायच्या आणि वाट बघायची. माणूस खचतो तो बहुधा इथे.

त्यात मदतीसाठी कधीही वाजू शकणारा रेस्क्यूचा फोन. 'ऑन कॉल' असणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात असं दिसलंय, की नुसतं उपलब्ध राहावं लागलं तरी दुसऱ्या सकाळी कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण वाढलेलं असतं. रात्री फोन येईल या अपेक्षेनेच शरीर सावध राहतं. 'पुण्याचं काम करताय' म्हटल्याने ते काही ढिलं पडत नाही!

म्हणून योगवर्ग किंवा सत्कार ठेवण्याआधी गटाने साधी व्यवस्था लावावी. फोन दर आठवड्याला दुसऱ्याकडे जावा, आणि ज्याची पाळी नाही त्याने रेस्क्यूचा ग्रुप खरंच म्यूट करावा. एका घरात किती पिल्लं ठेवायची, तो आकडा शांत डोक्याने आधीच ठरवावा. 'सध्या जागा नाही' हे सांगायचं कामही वाटून घ्यावं, नाहीतर लोकांच्या शिव्या दर वेळी एकट्यालाच खाव्या लागतात.