जुन्या फियाटला विजेचा पंखा: एका बदलाची पार्श्वभूमी

उन्हाळा लागला की प्रीमियर पद्मिनी, म्हणजे भारतात बनलेली जुनी फियाट, बाळगणाऱ्या हौशी मंडळींच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो: इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा मूळ पंखा काढून त्या जागी विजेवर चालणारा पंखा बसवावा की नाही. मेकॅनिकच्या दृष्टीने हे एका दुपारचे काम असले, तरी त्यामागचा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. गाडी धावत असताना रेडिएटरला, म्हणजे इंजिनाचे गरम पाणी थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीला, वारा आपोआप लागतो. ती उभी किंवा रांगत असताना तो कुठून आणायचा?

१९०१च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यांनी मर्सिडीज ३५ अश्वशक्तीच्या गाडीला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर दिला. त्यात सुमारे ६ मिलिमीटरच्या चौकोनी अशा ८,०७० नळ्या होत्या आणि त्यामागे मंद वेगात वारा ओढण्यासाठी एक लहान पंखा होता. पंख्याचा जन्मच असा मंद वेगाच्या अडचणीतून झाला. त्यानंतर तो इंजिनाला बेल्टने जोडण्याची पद्धत पडली. ती स्वस्त होती, तिला वायर लागत नव्हती, आणि १९०८च्या फोर्ड मॉडेल टीपासून पुढची सहा दशके बहुतेक गाड्या तिच्यावरच चालल्या.

या पद्धतीतली खोट मात्र मूळचीच होती. बेल्टचा पंखा इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला असतो, त्यामुळे सायनच्या सिग्नलला इंजिन आयडलिंगवर (गाडी उभी, इंजिन मंद चालू) असताना, म्हणजे वाऱ्याची गरज सर्वांत जास्त असताना, तो सर्वांत मंद फिरतो, आणि मोकळ्या रस्त्यावर समोरचा वारा पुरेसा असताना तो गरगरत राहून इंजिनाची शक्ती खातो. पंख्याचा वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते, हे लक्षात घेतले की ही उधळपट्टी किरकोळ नव्हती हे कळते. तिच्यावर पहिले उपाय अर्धवट निघाले. १९६०च्या प्यूजो ४०४मध्ये पाणी गरम झाल्यावरच विद्युतचुंबकाच्या क्लचने पंखा बेल्टशी जोडला जाई. १९६१च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये मात्र तापमानावर चालणारा स्वतंत्र विजेचा पंखा कारखान्यातूनच बसून आला; पण ती महागड्या स्पोर्ट्स कारची गोष्ट होती.

सामान्य गाडीत विजेचा पंखा आला तो थंडाव्याच्या हट्टापायी नव्हे, तर इंजिन आडवे झाले म्हणून. फियाटचे अभियंते दान्ते जाकोझा यांनी पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत इंजिन आडवे ठेवून गिअरबॉक्स त्याच्या टोकाला लावण्याची मांडणी रुजवली, आणि १९६९च्या फियाट १२८मधून ती जगभर पसरली. इंजिन आडवे झाले की बेल्टचे टोक फेंडरकडे जाते आणि रेडिएटर राहतो पुढे. दोघांना जोडणारी सोपी वाट म्हणजे वायर. गंमत अशी की १९३७च्या फियाट ५०८ सी गाडीच्या १,०८९ घनसेंटीमीटरच्या इंजिनामागेही हेच जाकोझा होते, आणि पद्मिनीचे इंजिन त्याच घराण्यातले आहे. जुन्या फियाटला विजेचा पंखा लावणारा माणूस नकळत एकाच अभियंत्याच्या दोन काळांतल्या कल्पना एकत्र आणत असतो.

बाहेरून घेऊन बसवायच्या विजेच्या पंख्यांची बाजारपेठ ब्रिटनमध्ये वाढली. तिथल्या जुन्या गाड्यांच्या शौकिनांना असे पंखे विकणाऱ्या केनलो कंपनीचे नाव चांगलेच परिचयाचे आहे. तिथे एक वेगळीच अडचण होती. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कित्येक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला अर्थ केलेले असे. कायम चुंबकाच्या मोटरच्या वायरी अशा गाडीत सवयीने उलट जोडल्या, तर पंखा उलटा फिरून पुढून येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो. वरवर पाहता पंखा चालू दिसत असल्याने ही चूक लवकर ध्यानात येत नाही.

खरी मर्यादा मात्र डायनामोची, म्हणजे इंजिनावर फिरून गाडीला वीज पुरवणाऱ्या जुन्या जनित्राची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत रूढ असलेला लुकासचा सी ४० डायनामो भर वेगातही २२ अँपिअरच देतो आणि आयडलिंगवर जवळजवळ काहीच देत नाही. लहान गाडीचा विजेचा पंखा साधारण ८ ते १० अँपिअर घेतो. म्हणजे पंखा हवा असतो नेमका तेव्हाच डायनामो झोपलेला असतो आणि सगळा भार बॅटरीवर पडतो. रात्री पावसात हेडलाइट आणि वायपर चालू असले तर ट्रॅफिकमध्ये बॅटरी उतरायला फार वेळ लागत नाही. १९६०च्या दशकात अल्टरनेटर, म्हणजे मंद फेऱ्यांवरही वीज देणारी जनित्रे, रुळू लागले आणि त्यानंतरच या बदलाला पक्का पाया मिळाला. म्हणून माझ्या मते, डायनामो असलेल्या गाडीत आधी अल्टरनेटरचा विचार व्हावा, पंख्याचा नंतर.

आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९६४पासून फियाट ११०० डिलाइट बाहेर पडू लागली आणि १९७४पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. जुन्या मुंबई–पुणे रस्त्याने बोरघाट चढताना बोनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना वाफेचा तो वास आठवत असेल. डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे, म्हणून पंखा विजेचा. पुढे ती भंगारात निघू लागली तसा तिचा पंखा जुन्या बाजारात सहज मिळू लागला आणि जुन्या फियाटच्या रेडिएटरवर चढू लागला.

तो बसवताना होणारी एक घाई मला खटकते. पंख्याबरोबर येणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्या रेडिएटरच्या कोअरमधून, म्हणजे नळ्यांच्या जाळीतून, आरपार ओवून पंखा आवळला की काम पाच मिनिटांत होते. पण गाडीच्या थरथरीने त्या पट्ट्या पाण्याच्या नळ्यांवर घासत राहतात आणि काही महिन्यांनी बारीक हिरवट डाग दिसू लागतो, म्हणजे गळती. रेडिएटरच्या चौकटीला पट्टीची ब्रॅकेट करून घेणे, वायरिंगमध्ये रिले (पंख्याचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूज घालणे याला वेळ लागतो, पण तो द्यावा. शिवाय गाळाने अर्ध्या नळ्या बुजलेल्या रेडिएटरसमोर कोणताही पंखा लावला तरी पाणी तापणारच. तिथे आधी रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांत सळई घालून गाळ काढून, नळ्या मोकळ्या करून घ्याव्या लागतात.

आणखी एक समज वारंवार ऐकू येतो की विजेचा पंखा बसला की फॅन बेल्टची कटकट संपली. तसे होत नाही. त्याच बेल्टवर वॉटर पंप आणि डायनामोही फिरतात. बेल्ट तुटला तर रेडिएटरमधले पाणी जागच्या जागी थांबते, इंजिनातले उकळू लागते, आणि नवा पंखा थंड पडलेल्या रेडिएटरवर बॅटरी संपेपर्यंत इमानेइतबारे वारा घालत राहतो.