ऑक्टोबरात वेलीला कात्री लावू नका

(आमच्याकडून द्राक्षाची रोपं नेलेल्या इंग्लंडमधल्या ग्राहकांसाठी)

गणपती उठले की आमच्याकडे एकाच विषयाचे फोन सुरू होतात. "दादा, ऑक्टोबर छाटणीला माणूस कधी पाठवताय?" विचारणारे बहुतेक मूळचे निफाड, दिंडोरी, तासगाव भागातले. घरी बाग आहे, नाहीतर मामाच्या बागेत सुट्ट्या गेलेल्या आहेत, कात्री हाताला नवी नाही. आमचं उत्तर दरवर्षी तेच असतं: इंग्लंडमध्ये ऑक्टोबर छाटणी नसते आणि जानेवारीआधी आम्ही कुणाच्याही वेलीला हात लावत नाही. फोनवर एवढं सांगून कुणाचं समाधान होत नाही, आणि ते रास्तच आहे. म्हणून हे पत्रक.

नाशिककडे वर्षात दोन छाटण्या का होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे वेलीला झोपवणारा हिवाळाच नाही. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या हातावर, एकेक डोळा राखून सगळं काढायचं, उन्हाच्या तडाख्यात नव्या काड्या तयार करून घ्यायच्या, त्यांच्या डोळ्यांत सूक्ष्मघड धरून घ्यायचा. मग पाऊस सरता सरता गोडी छाटणी, म्हणजे ऑक्टोबर छाटणी, करायची, डोळे फुटायला पेस्ट लावायची आणि कोरड्या थंडीत माल तयार करायचा. हे वेळापत्रक माणसानं बसवलेलं आहे, आणि २० अंश अक्षांशावर ते उत्तम चालतं.

दक्षिण इंग्लंडमधले केंट आणि ससेक्स ५१ अंशांवर आहेत. इथे वेळापत्रक हिवाळा ठरवतो. एप्रिलच्या मध्यापासून अखेरीपर्यंत डोळे फुटतात. फुलोरा जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला, म्हणजे विम्बल्डनच्या सुमारास. ऑगस्टच्या शेवटी मण्यात पाणी उतरायला लागतं आणि काढणी सप्टेंबरअखेरपासून ऑक्टोबर संपेपर्यंत चालते. नोव्हेंबरात पानं गळतात आणि वेल मार्चपर्यंत गाढ झोपते. वर्षाला एकच बहार, एकच छाटणी.

आता नुकसान कुठे होतं ते पाहा. आमचा आणि तुमचा सगळ्यात जास्त वेळ यातच जातो.

पहिली गोष्ट एप्रिलची. गावाहून काका फोनवर सांगतात, "एक डोळा ठेव आणि बाकी सगळं काढ." तुम्ही तसं करता. पण इथे यंदाचे घड गेल्या उन्हाळ्यात, जून-जुलैत, काडीच्या डोळ्यांत धरलेले असतात. ती काडी बुडाशी एका डोळ्यावर कापली म्हणजे वर्षाचं पीकच कापून टाकलं. बुडाच्या डोळ्यातून फूट जोरात येते, पानं हिरवीगार दिसतात, घड मात्र नसतो, असला तर एखादा आणि बारीक. मग जुलैत आम्हाला फोन येतो की रोप वांझ निघालं, बदलून द्या. रोपात काही दोष नसतो.

दुसरी गोष्ट ऑक्टोबरची. उन्हाळ्यात वाढलेल्या त्या काड्या ऑक्टोबरात गोडी छाटणीसारख्या सहा-सात डोळ्यांवर कापल्या जातात आणि डोळे फुटायची वाट पाहिली जाते. ते फुटत नाहीत. तोवर डोळे सुप्तावस्थेत गेलेले असतात आणि पुरेशी थंडी खाल्ल्याशिवाय ते उठत नाहीत. उठवायला नाशिकला वापरतात ते हायड्रोजन सायनामाइड इथे वापरायला परवानगी नाही. असतं तरी उपयोग नव्हता. नोव्हेंबरात फुटलेला कोंब इथे आठवडाभरही टिकायचा नाही.

ऑक्टोबरच्या कापणीचा खरा तोटा दिसत नाही, म्हणून तो पटवून द्यावा लागतो. घड काढल्यावरही पानं महिनाभर काम करत असतात. त्या महिन्यात ती साखर करतात, ती खोडात आणि मुळ्यांत साठते, काडी पिकून तपकिरी होते आणि गारठा सोसायला तयार होते. पुढच्या एप्रिलची पहिली तीन-चार पानं याच साठ्यावर निघतात. हिरवी पानं असताना काड्या उतरवल्या की साठा अपुरा राहतो. वसंतात फूट अशक्त येते, एक काडी इकडे फुटते, एक तिकडे अडते, आणि आलेला घड फुलोऱ्यातच जिरतो. शिवाय इथल्या ओल्या शरदात ताज्या जखमेतून खोड वाळवणारी बुरशी शिरते. ती पाच-सात वर्षांनी दिसते, तेव्हा वेलीचा एक अख्खा हात मेलेला असतो.

हिमाचा (बर्फवृष्टीचा नव्हे, शून्याखालच्या गारठ्याचा) मुद्दा वेगळा सांगतो, कारण तो आमच्या पद्धतीचा गाभा आहे. छाटणी जितकी उशिरा, तितके डोळे उशिरा फुटतात. फरक आठ-दहा दिवसांचाच असतो, पण इथे तेवढ्यानंही पीक वाचतं. कोवळी फूट उणे दोन अंशांच्या आसपास करपते. २०१७ च्या एप्रिलअखेरीस दक्षिण इंग्लंडमध्ये असं हिम पडलं की मोठमोठ्या बागांची पहिली फूट एका रात्रीत काळी पडली. ओळींमधून मेणाच्या मोठ्या मेणबत्त्या पेटवून लोक रात्र रात्र जागतात ते यासाठीच. तुमच्या परसात चार-सहा वेली आहेत, तुम्हाला मेणबत्त्यांची गरज नाही. मार्चमध्ये छाटणी करा आणि हवामान खात्यानं हिम सांगितलं त्या रात्री वेलीवर बागकामाचं पांढरं कापड टाका, तेवढं पुरतं. फूट करपलीच तर वेल उपटू नका. द्राक्षाच्या प्रत्येक डोळ्यात मुख्य डोळ्याशेजारी राखीव डोळे असतात. तीन-चार आठवड्यांत दुसरी फूट येते, घड कमी असतात पण वेल जगते.

आम्ही छाटणी करतो ती अशी. वेलीसमोर उभे राहून आधी फक्त पाहतो. खोडाच्या माथ्याजवळून, तारेच्या किंचित खालून निघालेली, पेन्सिलच्या जाडीची, तपकिरी झालेली एक काडी निवडतो. तिच्या सालीवर नखानं हलकं ओरखडलं की आत ओलसर हिरवं दिसलं पाहिजे. तिथे कोरडं तपकिरी असेल तर ती काडी मेलेली, दुसरी निवडायची. चांगली काडी आठ ते दहा डोळ्यांवर कापून तारेवर आडवी बांधतो. तिच्या खाली दोन डोळ्यांचा एक खुंटा ठेवतो, पुढच्या वर्षीची मालकाडी, म्हणजे घड देणारी काडी, त्यातून येते. बाकी सगळं, म्हणजे गेल्या हंगामात वाढलेलं नव्वद टक्के लाकूड, काढून टाकतो. पहिल्यांदा पाहणाऱ्या ताई घाबरतात, "एवढं कापलंत?" हो, एवढंच कापायचं असतं. फळ एका वर्षाच्या काडीवर येतं, जुन्या जाड लाकडावर नाही. कापताना काप डोळ्यापासून बोटभर वर असावा, आणि कात्री एका वेलीवरून दुसरीवर नेताना स्पिरिटनं पुसावी.

मार्चअखेरीस छाटली तर कापातून पाणी ठिबकतं, कधी कधी कित्येक दिवस. वेल रडतेय म्हणून लोक कापावर मेण लावतात, चिकटपट्टी गुंडाळतात. काही करू नका. मुळ्या जाग्या झाल्याची ती खूण आहे, त्यानं वेल मरत नाही.

हे सगळं लाकडाच्या छाटणीबद्दल झालं. उन्हाळ्यात शेंडे खुडायलाच हवेत. इथे जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, वेल बेफाम वाढते. प्रत्येक फुटीवर बारा ते पंधरा पानं झाली की शेंडा मारा, बगलफुटी काढा आणि घडाभोवतीची दोन-तीन पानं विरळ करा म्हणजे हवा खेळेल. भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग इथेही येतात.

माल किती मिळेल? तिकडे एका वेलीवर तीस-चाळीस घड सोडतात. इथे दहा-बारा लहान घड पिकले तर वेलीनं उत्तम काम केलं असं समजा. पहिली दोन वर्षं आलेले घडही काढून टाका, मुळ्या आधी बसू द्या. वाईनची एक बाटली व्हायला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात, त्यामुळे सहा वेलींच्या घरी वर्षाला पाच-सहा बाटल्या होतात. जीए (मणी फुगवायला वापरतात ते जिबरेलिक आम्ल) लावू नका. वाईनला मणी लहानच हवा, रंग आणि वास सालीत असतात.

थॉमसन सीडलेस मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो. विकलं असतं तर विक्री झाली असती, पण उघड्यावर ते इथे पिकत नाही, आणि तीन वर्षांनी तुम्हीच आमच्याकडे परत आला असता. खायला बिनबियांचं हवं असेल तर दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीशी लेकमॉन्ट ही जात लावा. काचघर असेल तर ब्लॅक हॅम्बर्ग घ्या. हॅम्पटन कोर्ट राजवाड्यात काचेखाली १७६८ साली लावलेली याच जातीची वेल आजही फळ देते. वाईनसाठी सोलारिस आणि रोंडो लवकर पिकतात आणि रोगाला चिवट आहेत, नवख्यांना आम्ही त्याच देतो. बॅकस हवी असणाऱ्यांना सांगतो की जागा ऊबदार हवी आणि फवारणीत हयगय चालणार नाही. चुनखडीची जमीन असेल तर रोप घेताना सांगा, खुंट (ज्या मुळावर कलम बांधतात तो) वेगळा द्यावा लागतो.

"द्राक्षं आंबट का?" हा तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न. रंग भरला म्हणजे पिकली असं नाही. रंगानंतरही इथे पाच-सहा आठवडे थांबावं लागतं. रात्री गार असल्यामुळे आम्ल हळू उतरतं. शॅम्पेनच्या पद्धतीनं केलेली फसफसती वाईन इंग्लंडला साधली ती याच आम्लामुळे. तिच्यासाठी १७-१८ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) काढणी चालते. ससेक्समधल्या नायटिंबरनं १९८८ साली शॅम्पेनच्याच जातींची लागवड केली, आणि २०१२ च्या थंड, ओल्या उन्हाळ्यानंतर त्या वर्षीची वाईनच केली नाही. एवढं इथलं हवामान पीक हातात घेऊन बसलेलं असतं. काढणीच्या दिवसांत आमचं ब्रिक्समीटर ग्राहकांना आठवडाभर नेता येतं, त्याचे पैसे नाहीत. पाखरं आणि गांधीलमाश्या सप्टेंबरात टपलेल्या असतात, म्हणून जाळी ऑगस्टमध्येच बांधा. घरच्यापुरती वाईन करायला परवाना लागत नाही, विकता मात्र येत नाही.

ऑक्टोबरात कापून झालं असेल तर आता आणखी काही कापू नका. उरलेल्या काड्या तशाच ठेवा, खोडाशी पालापाचोळा टाका, मार्चमध्ये आम्हाला वेलीचा फोटो पाठवा. खालून वर अख्खं खोड आणि सगळ्या काड्या दिसतील असा एक, आणि माथ्याजवळून एक. त्यावरून कुठली काडी राखायची ते आम्ही खूण करून कळवतो. त्या वर्षी घड निम्मेच ठेवा.

छाटणीला आमची माणसं जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत येतात. हिम साचणाऱ्या सखल जागांची पाळी आम्ही मुद्दाम शेवटी लावतो. त्यामुळे शेजाऱ्याची छाटणी आधी आणि तुमची नंतर झाली तर तुम्हाला विसरलो असं समजू नका. फेब्रुवारीतल्या एका शनिवारी आमच्या वाफ्यावर छाटणी शिकवतो. स्वतःची कात्री घेऊन या, कापायला वेली आमच्या. रोप आमच्याकडून नेलं असेल तर शिकवणीचे पैसे नाहीत. नवी रोपं उघड्या मुळ्यांची असतात आणि ती मार्च-एप्रिलमध्येच मिळतात, त्यांची मागणी डिसेंबरअखेरपर्यंत नोंदवा. गावाहून काका उन्हाळ्यात येणार असतील तर त्यांनाही वाफ्यावर घेऊन या, चहा घेऊ आणि ओळींमधून एक फेरी मारू.