एएनए तपासणीची पार्श्वभूमी: पद्धत कोणती, हा प्रश्न कुठून आला

एएनए म्हणजे पेशीच्या केंद्रकातील घटकांविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे. ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारांची शंका असली की ती रक्तात शोधतात. १९४८ मध्ये अस्थिमज्जेच्या नमुन्यांत एलई पेशी (ल्युपसमधल्या, दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेल्या पांढऱ्या पेशी) दिसल्या आणि १९५७ च्या सुमारास इम्युनोफ्लुरोसन्सची, म्हणजे रुग्णाचे सीरम पेशींवर टाकून प्रतिपिंडे चिकटलेल्या जागी हिरवी चमक पाहण्याची पद्धत हाती आली. पुढची बरीच वर्षे उंदराच्या यकृताचे किंवा मूत्रपिंडाचे काप वापरले जात. खरा बदल घडला तो हेप-२ पेशी आल्यावर. या मानवी पेशींचे केंद्रक मोठे असते, शिवाय स्लाइडवर विभाजन होत असलेल्या पेशीही सापडतात. त्यामुळे सेंट्रोमिअरसारखे (गुणसूत्राच्या जोडबिंदूवर दिसणारे), कापांवर नीट न कळणारे चमकेचे पॅटर्न ओळखता येऊ लागले.

तपासणीची संवेदनशीलता वाढली, तसे निरोगी माणसांचे रिपोर्टही पॉझिटिव्ह येऊ लागले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय अभ्यासात १:४० या टायटरला (म्हणजे सीरम चाळीस पट पातळ केल्यावर) सुमारे ३२ टक्के निरोगी व्यक्ती पॉझिटिव्ह निघाल्या, १:१६० ला ५ टक्के. सांधे दुखतात, थकवा येतो एवढ्यावर एएनए लिहून दिली की काय होते, ते या दोन आकड्यांतच दिसते.

त्यातच वाचनाचा प्रश्न होता. अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमक पाहायची आणि ती कोणत्या डायल्युशनपर्यंत टिकते ते ठरवायचे, हे काम डोळ्यांचे. एकाच सीरमला एक वाचक १:८० म्हणतो, दुसरा १:१६०. म्हणून रोज शेकडो नमुने हाताळणाऱ्या प्रयोगशाळा एलायझा आणि मल्टिप्लेक्स या यंत्रावर चालणाऱ्या पद्धतींकडे वळल्या. यंत्र आकडा देते, वाचक लागत नाही. पण मल्टिप्लेक्स किटमध्ये मोजकीच अँटिजेन (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ते घटक) असतात, तर हेप-२ पेशीत शंभर ते दीडशे असल्याचे मानले जाते. निदान पक्के झालेल्या ल्युपसच्या रुग्णांचे रिपोर्टही निगेटिव्ह येत असल्याच्या तक्रारी संधिवाततज्ज्ञांकडून येऊ लागल्या.

२००९ चा वादग्रस्त निर्णय या तक्रारींतून आला. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने इम्युनोफ्लुरोसन्स हेच एएनएचे ‘गोल्ड स्टँडर्ड’ राहील असे जाहीर केले. दुसरी पद्धत वापरणाऱ्या प्रयोगशाळेने ती तितकीच चांगली असल्याची आकडेवारी डॉक्टरांनी मागितल्यास द्यावी आणि रिपोर्टवर पद्धत लिहावी, असेही सांगितले. यातली शेवटची अट सर्वांत मोलाची होती, पण गाजले ते पहिले वाक्य. प्रयोगशाळांच्या बाजूने आक्षेप आला की जी पद्धत किटगणिक आणि वाचकागणिक बदलते, तिला मापदंड कसे म्हणायचे? आक्षेप रास्त होता. हेप-२ वर आरओ-६०, जेओ-१ (स्नायूदाहाशी निगडित) आणि रायबोसोमल पी या अँटिजेनविरुद्धची प्रतिपिंडे कधीकधी निसटतात. स्नायूदाहाची शंका असलेल्या रुग्णाची एएनए निगेटिव्ह आली म्हणून शोध तिथेच थांबवणे धोक्याचे, आणि ‘गोल्ड स्टँडर्ड’ या शब्दाने अशा थांबण्याला बळ दिले. एएनए पॉझिटिव्ह आणि लक्षणांवरून शंका, या दोन्ही गोष्टी असल्याशिवाय पुढच्या उपतपासण्या (एकेका प्रतिपिंडाच्या) करू नयेत, हा २०१३ चा सल्ला आला तेव्हा त्यात जेओ-१ आणि क्वचित एसएसए (आरओचेच दुसरे नाव) यांचा अपवाद मुद्दाम नोंदवावा लागला.

त्यानंतरच्या घडामोडी वेगाने झाल्या. २०१४ पासून पॅटर्नना एसी (अँटि-सेल) क्रमांक देऊन नावांतला गोंधळ आवरण्याचे आंतरराष्ट्रीय काम सुरू झाले. केवळ सायटोप्लाझममध्ये, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या भागात चमक असेल तर रिपोर्ट एएनए पॉझिटिव्ह म्हणायचा का, यावर मात्र एकमत झाले नाही. एएनसीए या दुसऱ्या तपासणीच्या (पांढऱ्या पेशींच्या सायटोप्लाझमविरुद्धची प्रतिपिंडे, रक्तवाहिन्यांच्या दाहाची शंका असताना शोधतात ती) बाबतीत तर क्रमच उलटला: १९९९ च्या सहमतीत आधी इम्युनोफ्लुरोसन्स होते, २०१७ च्या सहमतीने पीआर३ आणि एमपीओ या तिच्या दोन अँटिजेनविरुद्धची प्रतिपिंडे थेट मोजणाऱ्या इम्युनोअॅसेला पहिले स्थान दिले.

ल्युपसच्या २०१९ च्या वर्गीकरण निकषांत हेप-२ वर किमान १:८० टायटर ही प्रवेशाची अट आहे, ‘किंवा तुल्य पॉझिटिव्ह तपासणी’ या सवलतीसह. त्या १९९७ च्या अभ्यासात १:८० ला निरोगींपैकी सुमारे १३ टक्के पॉझिटिव्ह होते. निकष संशोधनासाठी रुग्णांचे गट पाडायला केलेले आहेत, तरी ओपीडीत ते निदानासाठी सर्रास वापरले जातात. तुल्य कशाला म्हणायचे, हे ठरवण्याचे काम पुन्हा प्रयोगशाळा आणि डॉक्टर यांच्यातल्या संवादावरच येऊन पडले आहे.